मिटिंग कुठे भरते?

हा प्रश्न बहुधा हळू आवाजात विचारला जातो. फॅमिली डॉक्टरकडे, बीपी तपासून झाल्यावर, उठता उठता. "डॉक्टर, ते दारू सोडणाऱ्यांचं काहीतरी असतं म्हणे, मिटिंग की काय. आपल्याकडे कुठे असते का?" विचारणारी बहुतेक वेळा बायको असते, कधी मोठी बहीण, कधी नुकता कमावता झालेला मुलगा. पिणारा स्वतः विचारतो तेव्हा 'एका मित्रासाठी हवंय' म्हणून विचारतो. डॉक्टरही ते समजून घेतात आणि मित्राचीच चौकशी करतात.

वरवर पाहता हा पत्त्याचा प्रश्न आहे. पत्ता मिळाला, वार-वेळ कळली, की काम झालं असं वाटतं. पण अशा पत्त्यांचे कागद कित्येक पाकिटांत घडी घालून पडलेले असतात. पत्ता हातात असूनही माणूस त्या दारापर्यंत का जात नाही, हे पाहिल्याशिवाय मिटिंग शोधण्याची रीत नीट सांगता येणार नाही.

१. कशाला काय म्हणतात

आधी चार गोष्टी वेगळ्या करू, कारण बोलताना लोक त्या सर्रास एक करतात.

पहिली गोष्ट म्हणजे रुग्णालय. दारूमुळे शरीर बिघडलं असेल, किंवा दारू बंद करताना बिघडेल अशी भीती असेल, तर तिथे उपचार होतात. जिल्हा रुग्णालयातला किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातला मानसोपचार विभाग यातच येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे व्यसनमुक्ती केंद्र. इथे काही आठवडे राहावं लागतं. दिनक्रम ठरलेला असतो, समुपदेशन असतं, आणि बहुतेक ठिकाणी फी असते. पुण्यातलं मुक्तांगण हे महाराष्ट्राला सर्वांत ओळखीचं नाव. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळावर ते १९८६ साली सुरू केलं. मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं.

तिसरी गोष्ट म्हणजे मिटिंग, म्हणजे या प्रकरणाचा विषय. दारू सोडलेले आणि सोडू पाहणारे लोक ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी एकत्र बसतात, तासदीड तास बोलतात-ऐकतात आणि घरी जातात. तिथे डॉक्टर नसतो, औषध नसतं, भरती करून घेणं नसतं आणि फीही नसते. यातली सर्वांत जुनी आणि पसरलेली संघटना म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, बोलण्यात नुसतं 'एए'. भारतात ती १९५७ साली आली आणि मुंबईत रुजली. मुक्तांगणसारखी केंद्रंही बाहेर पडलेल्यांसाठी पाठपुराव्याच्या बैठका घेतात. त्याही याच जातीच्या.

चौथी गोष्ट म्हणजे घरच्यांची मिटिंग. तिच्याबद्दल पुढे.

या चारींमध्ये घोळ झाला की माणूस चुकीच्या दारात उभा राहतो. कुणी हात थरथरत असताना मिटिंगला येतो, तेव्हा त्याला खरं तर रुग्णालय हवं असतं. कुणी केंद्रातून महिनाभराने ताजातवाना होऊन घरी येतो, आणि आता काही करायची गरज नाही असं समजतो. खरं तर मिटिंगची गरज तेव्हाच सुरू झालेली असते. केंद्रात दारू मिळत नव्हती. घराच्या कोपऱ्यावर ती मिळते.

२. ॲक्रनमधला फोन

मिटिंग शोधणाऱ्या पहिल्या माणसाची गोष्ट सांगायला हवी, कारण तो शोधत होता तेव्हा जगात मिटिंग नावाची गोष्टच नव्हती.

१९३५ चा मे महिना. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातला एक माणूस, ज्याला पुढे बिल डब्ल्यू. म्हणून ओळखू लागले, ओहायो राज्यातल्या ॲक्रन या गावी व्यवहारासाठी आला होता. व्यवहार फसला. दारू सोडून त्याला जेमतेम काही महिने झाले होते. हाती पैसे नव्हते, गाव परकं, शनिवारची संध्याकाळ, आणि हॉटेलच्या लॉबीला लागून बार. बारमधला हास्यविनोद बाहेर ऐकू येत होता.

लॉबीत गावातल्या चर्चची यादी टांगलेली होती. त्याने फोन फिरवायला सुरुवात केली. मागणं विचित्र होतं. दारू सोडवू शकणारा सज्जन माणूस त्याला नको होता. ज्याची दारू सुटत नाही असा एखादा माणूस त्याला हवा होता, ज्याच्याशी बोलता येईल. एकाने दुसऱ्याचं नाव सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याचं, आणि अखेर एका बाईंनी आपल्या ओळखीच्या एका शल्यचिकित्सकाला दुसऱ्या दिवशी घरी बोलावलं. तो डॉक्टर बॉब. पंधरा मिनिटांवर थांबणार नाही, अशी अट घालून तो आला होता. दोघं रात्री अकरा वाजून गेले तरी बोलत होते.

बिल बॉबला सुधारायला आला नव्हता. स्वतः पिऊ नये म्हणून आला होता, आणि ते त्याने सांगूनही टाकलं. बॉबला आजवर ज्यांनी उपदेश केला होता ते सगळे न पिणारे होते. हा पहिला माणूस असा की जो स्वतःच्या गरजेपोटी बोलत होता. मिटिंग या प्रकाराचं सगळं यंत्र या एका गोष्टीवर चालतं. सांगणाऱ्याचाही फायदा होतो, म्हणून ऐकणाऱ्याला उपकाराचं ओझं वाटत नाही. नवखा माणूस पहिल्यांदा दारात उभा राहतो तेव्हा 'आपण यांना त्रास द्यायला आलो' असं त्याला वाटत असतं. आतल्यांची समजूत नेमकी उलटी असते.

आणखी एक तपशील, जो गौरवकथांमध्ये घाईने उरकला जातो. बॉबची दारू त्या भेटीने सुटली नाही. काही दिवसांनी तो वैद्यकीय परिषदेसाठी अटलांटिक सिटीला गेला आणि झिंगून परत आला. परतल्यावर त्याला एक शस्त्रक्रिया करायची होती आणि हात थरथरत होते. हात स्थिर व्हावेत म्हणून बिलनेच त्याला बिअर दिली. ती त्याची शेवटची दारू. तारीख १० जून १९३५. एए आपला स्थापनादिन म्हणून हीच तारीख मानते. म्हणजे संघटनेचा वाढदिवस पहिल्या भेटीचा नाही, पाय घसरल्यानंतर पुन्हा उभं राहिल्याचा आहे.

३. आधी डॉक्टर की आधी मिटिंग?

बॉबच्या थरथरत्या हातांवरून हा प्रश्न आपसूक येतो. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात दारू तोडली तर काय होतं?

दारू मेंदूला मंद करते. रोज पिणाऱ्याचा मेंदू त्या मंदपणावर मात करायला सतत उलटा जोर लावत असतो. दाराच्या एका बाजूने कुणी ढकलत असावं आणि आपण दुसऱ्या बाजूने खांदा लावून ते थोपवून धरावं, तसं हे आहे. पलीकडचा अचानक बाजूला झाला तर आपण तोंडावर पडतो. दारू एकदम थांबते तेव्हा मेंदूचा उलटा जोर तेवढाच शिल्लक असतो. घाम, थरथर, झोप उडणं, छातीत धडधड ही त्याची सौम्य रूपं. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास होतात, वेळकाळाचं भान सुटतं, ताप चढतो. ही अवस्था जिवावर बेतू शकते.

म्हणून साधा नियम लक्षात ठेवा. सकाळी उठल्यावर हात थरथरत असतील आणि घोटभर घेतल्यावरच थांबत असतील, किंवा पूर्वी कधी दारू सोडताना फिट आली असेल, तर आधी डॉक्टर. पाच-सात दिवस औषधं आणि जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन हा टप्पा सुखरूप पार करता येतो. मिटिंगमधले अनुभवी लोकही हेच सांगतात. आणि उपचार चालू असताना मिटिंगला जायला कुणाची ना नसते.

इथेच एक इशारा. एसटी स्टँडच्या भिंतींवर 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती रंगवलेल्या दिसतात. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे. ते घेतल्यावर दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, माणसाला सांगून, त्याच्या संमतीने दिलं तर ते काहींना उपयोगी पडतं. भाजीत गुपचूप मिसळलं तर माणूस दगावू शकतो. पुडीत नेमकं काय आहे हे ठाऊक नसेल तर धोका आणखी मोठा.

४. शोध कुठून सुरू करायचा

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दारूचं व्यसन जडलेल्या दर अडतीस माणसांपैकी साधारण एकालाच कुठल्या ना कुठल्या प्रकारची मदत मिळते. सदतीस जण बाहेर राहतात याचं कारण नुसतं मदत कमी आहे हे नाही. जी आहे तिच्यापर्यंत वाट नीट जात नाही.

वाटा अशा. एएच्या भारतातल्या कार्यालयाकडे आणि मोठ्या शहरांतल्या त्यांच्या संपर्क-कार्यालयांकडे ग्रुपांची यादी असते: कुठल्या वारी, किती वाजता, कुठल्या भाषेत. महाराष्ट्रात मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत मिटिंगा चालतात, म्हणून भाषा आधी विचारून घ्या. ज्या भाषेत शिव्या देता येतात त्या भाषेतल्या मिटिंगला जावं, असं माझं मत. तिथेच माणूस खरं बोलतो. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस १४४१६, जिथे मराठीत बोलता येतं. दोन्ही मोफत. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीतले समाजसेवक हा लोकांच्या लक्षात न येणारा मार्ग आहे. जवळच्या ग्रुपांची माहिती त्यांच्याकडे बऱ्याचदा असते, आणि पुष्कळदा ग्रुपमधलाच कुणी आठवड्यातून एकदा वॉर्डात येऊन रुग्णांशी बोलून जातो.

पण यादी हाती आल्यावर खरं काम सुरू होतं. १९८१ साली अमेरिकेत एक छोटासा अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचार घेणारी वीस माणसं. त्यांतल्या दहा जणांना मिटिंगबद्दल माहिती, पत्ता आणि वेळ दिली, जायला आग्रहाने सांगितलं. उरलेल्या दहा जणांच्या बाबतीत समुपदेशकाने त्यांच्यासमोरच ग्रुपमधल्या एका सभासदाला फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. त्या सभासदाने 'मी तुम्हाला घ्यायला येतो' म्हणून सांगितलं, मिटिंगच्या दिवशी आठवणही करून दिली. पत्ता मिळालेल्या दहांपैकी एकही गेला नाही. फोन हातात मिळालेले दहाच्या दहा गेले.

वीस माणसांवरून जगाबद्दल ठाम बोलता येत नाही, हे खरं. पण पाकिटातल्या कागदाचं गणित यातून बरंचसं सुटतं. पत्ता विचारू नका, माणूस विचारा. संपर्क-कार्यालयाला फोन केलात तर एवढंच म्हणा: "माझ्या भागातल्या मिटिंगला जाणाऱ्या कुणाशी बोलता येईल का? पहिल्या दिवशी बाहेर भेटायला कुणी येईल का?" ही विनंती त्यांना नवी नसते. बाई फोन करत असतील तर बाईशीच बोलायचं आहे असं सांगता येतं, आणि सांगावं. मिटिंगमध्ये स्त्रिया अजून कमीच असतात. पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकटीने पाऊल टाकणं ही मोठी गोष्ट आहे.

५. पिशवी, बाक आणि पेटी

मिटिंगची जागा पहिल्यांदा पाहणाऱ्याची निराशा होते. पाटी नसते. मुंबईत महापालिकेच्या शाळेतला एखादा वर्ग, कुठे चर्चच्या आवारातली खोली, कुठे समाजमंदिर, कुठे एखाद्या ट्रस्टचा हॉल.

शाळेतला वर्ग असला तर फळ्यावर सकाळचा सुविचार आणि पटसंख्या तशीच असते. बाक तिसरीच्या मुलांच्या मापाचे. मोठी माणसं गुडघे बाजूला काढून तिरकी बसतात. सेक्रेटरी म्हणवणारा सभासद अर्धा तास आधी कापडी पिशवी घेऊन येतो. पिशवीतून गुंडाळलेले दोन-तीन फलक निघतात, सभासदाने स्वतःसाठी चढायच्या बारा पायऱ्यांचा, ग्रुपने पाळायच्या बारा परंपरांचा, आणि ते खिळ्यांना टांगले जातात. टेबलावर पुस्तकं, पत्रकं आणि एक पेटी. थर्मासमध्ये चहा. दीड तासाने हे सगळं पुन्हा पिशवीत जातं आणि वर्ग परत तिसरीच्या मुलांचा होतो.

आत काय होतं? चेअरवर बसलेला सभासद सुरुवातीचा मजकूर वाचतो. मग एकेक जण उठतो, नुसतं पहिलं नाव सांगतो आणि आपण अल्कोहोलिक आहोत असं म्हणतो. मराठी ग्रुपांत कुणी सरळ 'मी बेवडा' म्हणतं, आणि त्यावर कुणी हसत नाही. पुढची सात-आठ मिनिटं तो स्वतःचंच सांगतो: कसं पीत होतो, काय घडलं, आज कसं आहे. याला शेअरिंग म्हणतात. मध्येच टोकायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, कुणाच्या बोलण्यावर नंतर वाद घालायचा नाही. नवख्याला बोलण्याची सक्ती नसते. 'आज फक्त ऐकतो' एवढं पुरतं.

नवख्याला तिथे धक्का बसतो तो हसण्याचा. बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकल्याची गोष्ट सांगताना सांगणारा मध्येच थांबतो, काहीतरी म्हणतो आणि सगळा वर्ग खदखदून हसतो. बाहेरच्याला हे निर्दय वाटेल. आतल्यांना ठाऊक असतं की प्रत्येकाने काही ना काही गहाण टाकलेलं आहे.

शेवटी पेटी फिरते. ज्याला जमेल ते तो टाकतो, नाही जमलं तर पुढे सरकवतो. पाहुणा म्हणून गेलेल्याने कौतुकाने पाचशेची नोट काढली तर ती नम्रपणे परत केली जाते. सभासदांच्या पैशांवरच चालायचं आणि बाहेरची देणगी घ्यायची नाही, ही त्यांची सातवी परंपरा. पेटीतून जागेचं भाडं, चहा आणि पुस्तकं निघतात.

यातून खऱ्या मिटिंगची ओळखही पटते. 'नावनोंदणीचे इतके', 'पॅकेज इतक्याचं', 'आधार कार्डाची झेरॉक्स आणा' असं कुणी म्हणालं तर ती मिटिंग नाही, दुसरंच काही आहे. दुसरं म्हणजे वाईटच असं नाही. पण ते केंद्र असेल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ खाली नोंदणी आहे का हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. 'घरून उचलून नेतो' अशी सेवा देणाऱ्यांपासून मात्र चार हात लांब राहा.

मिटिंगचे दोन प्रकार फोनवरच विचारून घ्या. ओपन मिटिंगला कुणीही येऊ शकतं: नातेवाईक, डॉक्टर, विद्यार्थी, नुसतं कुतूहल असलेला माणूस. क्लोज्ड मिटिंग फक्त पिणाऱ्यांसाठी. बायकोला सोबत यायचं असेल तर पहिली मिटिंग ओपन निवडा. सभासद होण्याची अट एकच, दारू थांबवण्याची इच्छा. ती इच्छा पक्की असावी असंही कुणी म्हणत नाही.

६. जवळची की लांबची?

'कुणी ओळखीचं भेटलं तर?' पत्त्याइतकाच हा प्रश्न विचारला जातो. याला एक जुनं उत्तर आहे: ओळखीचा तिथे भेटला तर तोही त्याच कामासाठी आलेला असेल. उत्तर बिनतोड आहे, पण भीती बिनतोड उत्तरांनी जात नाही. तालुक्याच्या गावी शाळेच्या फाटकातून आत जातानाच चार लोक बघतात. शिवाय गंमत अशी, की त्याच माणसाला बारमधून बाहेर पडताना बघणाऱ्यांची त्याला एवढी भीती कधी वाटलेली नसते.

तरीही लाज खरी असते, म्हणून तडजोड सुचवतो. पहिल्या दोन-तीन मिटिंगा लांबच्या केल्या तरी चालतील. पण कायमची मिटिंग जवळची हवी, आणि जवळची म्हणजे किलोमीटरने नव्हे. मोजायचं ते वेळेने.

एक उदाहरण घेऊ. समजा, एक गृहस्थ डोंबिवलीला राहतात आणि ठाण्यात नोकरी करतात. सहाला सुटतात. साडेसहा ते नऊ हा त्यांचा प्यायचा वेळ. स्टेशनबाहेरच्या बारमध्ये क्वार्टर, मग लोकल, मग घर. त्यांच्या हाती तीन मिटिंगांची यादी आहे. एक डोंबिवलीत घरापासून पाच मिनिटांवर, रविवारी सकाळी दहाला. दुसरी ठाण्यात स्टेशनजवळ, मंगळवार आणि शुक्रवारी संध्याकाळी सातला. तिसरी दादरला, रोज संध्याकाळी.

नकाशावर पाहिलं तर पहिली सर्वांत जवळची. पण रविवारी सकाळी दहाला ते पीत नाहीत. त्यांना ठाण्याची हवी, कारण ती नेमकी त्यांच्या आणि बारच्या मध्ये येते. मंगळवार-शुक्रवार तिथे. रविवारची घराजवळची ओळख वाढवायला, शेजारचा एखादा फोन नंबर मिळवायला. उरला शनिवार, पगारानंतरचा पहिला शनिवार तर सर्वांत अवघड. तेव्हा दादर, लांब असली तरी. एएमध्ये नवख्याला नव्वद दिवसांत नव्वद मिटिंगा करायला सांगायची जुनी पद्धत आहे. मुंबईत ते जमू शकतं. ज्या गावात आठवड्याला एकच मिटिंग आहे तिथे हा आकडा ऐकवून माणसाला घाबरवण्यात अर्थ नाही. तिथे अवघड संध्याकाळ कोणती ते शोधायचं आणि ती भरून काढायची.

ग्रुप मानवला नाही तर? चार वेगवेगळ्या मिटिंगा पाहिल्याशिवाय मत बनवू नये. ग्रुपांचे स्वभाव वेगळे असतात. कुठे म्हाताऱ्यांचा अड्डा, कुठे कडक वेळापत्रक, कुठे एकच जण वीस मिनिटं बोलतो आणि त्याला कुणी थांबवत नाही. पहिलीच मिटिंग अशी निघाली म्हणून चळवळीवर फुली मारलेले पुष्कळ आहेत.

७. देवाचं काय?

बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख येतो, आणि शिकल्यासवरलेल्यांपैकी बरेच जण तिथेच अडखळतात. त्या पायऱ्या ज्याला जसा देव उमगतो तशा घ्यायच्या असतात. कुणी निसर्ग म्हणतं, कुणी त्या खोलीतली माणसं हीच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानतं. नास्तिक सभासद असतात आणि टिकतात. एवढंही नको असेल त्यांच्यासाठी देवाशिवायची रीत आहे. अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झालेला स्मार्ट रिकव्हरी हा त्यातला एक प्रवाह. आपल्याकडे मात्र समोरासमोरच्या मिटिंगा एएच्याच जास्त सापडतील.

महाराष्ट्रात या सगळ्याच्या कितीतरी आधीपासून एक गोष्ट होत आली आहे. गावातला पिणारा एक दिवस माळ घालतो. गळ्यात तुळशीची माळ आली की दारू बंद, मटण बंद, एकादशी, रात्रीचं भजन, आषाढीला दिंडी. सगळा गाव त्याला माळकरी म्हणून ओळखू लागतो. ठरलेली संध्याकाळ, ओळखीची माणसं आणि चारचौघांत दिलेला शब्द, हे सगळं त्यात आहे. ज्यांची दारू असल्या भजनात सुटली त्यांना मिटिंगला चला म्हणायची काही गरज नाही. फरक दिसतो तो घसरल्यावर. माळ घातलेला प्यायला तर लाजेने देवळाकडे फिरकत नाही, बऱ्याचदा माळ काढून ठेवतो. मिटिंगमध्ये घसरलेला परत आला तर त्याला पुढच्या बाकावर बसवतात आणि आधी चहा देतात. प्यायलेल्या अवस्थेत आला तरी गोंधळ घालत नसेल तर बसू देतात, फक्त त्या दिवशी बोलू नको म्हणतात.

८. घरच्यांनी कुठे जायचं?

तो येत नसेल तरी तुम्ही जाऊ शकता. हे वाक्य पुष्कळ बायकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

अल-अनॉन ही पिणाऱ्यांच्या नातेवाइकांची वेगळी संघटना १९५१ पासून आहे. तिच्या दोन संस्थापकांपैकी एक बिल डब्ल्यू. यांची पत्नी लोइस. मोठ्या शहरांत एएच्या वेळेलाच शेजारच्या खोलीत अल-अनॉनची मिटिंग भरते. मुक्तांगणचा सहचरी हा उपक्रम रुग्णांच्या बायकांसाठी आहे. तिथे नवऱ्याची दारू कशी सोडवायची याचे धडे मिळत नाहीत, आणि पहिल्या दिवशी याच गोष्टीचा राग येतो. बोलणं चालतं ते बाटल्या लपवण्याचं, ऑफिसात 'ताप आलाय' म्हणून फोन करण्याचं, वाण्याची उधारी फेडण्याचं, नवऱ्याच्या पावलांच्या आवाजावरून तो किती प्यायलाय ते ओळखण्याचं. यातलं काय थांबवायचं आणि काय थांबवणं धोक्याचं, ते बाकीच्या बायका आपापल्या अनुभवावरून सांगतात. घरात मारहाण असेल तर मात्र मिटिंग पुरेशी नाही. आधी सुरक्षित जागा.

९. उपयोग होतो का, आणि ग्रुपच नसेल तर

२०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने सत्तावीस अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक माणसं एकत्र तपासली. रुग्णाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणारे उपचार आणि इतर मान्यताप्राप्त उपचार यांची तुलना होती. वर्षभराने पूर्ण दारूबंद राहिलेले पहिल्या गटात शंभरात सुमारे बेचाळीस आणि दुसऱ्यात पस्तीस. म्हणजे फुकटच्या मिटिंगला जोडून देणं हे महागड्या उपचारांच्या तोडीस तोड, थोडं वरचढच ठरलं. शंभरातले अठ्ठावन्न तरीही वर्षभर पूर्ण कोरडे राहिले नाहीत, हेही त्याच आकड्यात आहे. म्हणून 'इतके दिवस गेला, तरी प्यायलाच ना!' असं घरात म्हणण्याआधी थांबावं. आणि तपासले गेले ते 'जोडून देणारे' उपचार होते, नुसता पत्ता देणारे नव्हते.

तुमच्या तालुक्यात एकही ग्रुप नसेल तर? फोनवरच्या आणि ऑनलाइन मिटिंगा २०२० नंतर खूप वाढल्या. त्या मराठीतही असतात, आणि रात्री अकरालाही सापडतात. जिल्ह्याच्या ठिकाणी महिन्यातून दोनदा जाणं आणि मध्ये ऑनलाइन, अशी सांगड बरेच जण घालतात.

आणि दोन-तीन दारुडे दारूपासून दूर राहण्यासाठी एकत्र बसले तर ते स्वतःला एएचा ग्रुप म्हणवू शकतात. परवाना, अध्यक्ष, उद्घाटन काही लागत नाही. जिल्ह्याच्या ग्रुपला कळवलं तर ते फलक आणि पुस्तकं देतात, सुरुवातीचे काही आठवडे कुणीतरी येऊन बसतं. जागेसाठी मुख्याध्यापकांना किंवा सरपंचांना भेटताना अर्जात कारण स्पष्ट लिहा. 'सांस्कृतिक कार्यक्रम' असं लिहून जागा मिळवली तर पुढे किल्लीवरून भांडणं होतात. वार बाजाराचा नको, कारण बाजाराच्या दिवशी गावात सगळ्यात जास्त दारू खपते आणि वाट त्याच गुत्त्यावरून जाते. बाजाराची आदली संध्याकाळ चांगली. वार आणि वेळ एकदा ठरली की बदलू नका, पाऊस असो की गणपती. मग ती वेळ एका चिठ्ठीवर लिहून गावातल्या डॉक्टरकडे, मेडिकलवाल्याकडे, आशाताईंकडे आणि पोलीस पाटलाकडे द्या. खाली एक फोन नंबर हवा, आणि तो उचलणारा माणूस 'मी तुम्हाला घ्यायला येतो' असं म्हणणारा हवा.